खारीचा वाटा

परवाच्या शनिवारी संध्याकाळी माझ्याच घरात, माझ्याच सोफ्यावर बसून, माझाच चहा पीत खालच्या मजल्यावरच्या काकांनी हात पुढे केला आणि माझ्या कुत्रीने त्यांना पंजा दिला. उजवा. न मागता. ज्या पंजाला नुसतं बोट लावता यावं म्हणून मी गेले आठ महिने दही, पनीर, उकडलेलं अंडं आणि स्वाभिमान या क्रमाने खर्च केला, तो तिने अर्ध्या ग्लुकोज बिस्किटावर देऊन टाकला. वर काका म्हणाले, "वाढलीत हो नखं. कापत नाही का तुम्ही?"

हे अजून माझ्या घशाखाली उतरलेलं नाही.

कुत्रीचं नाव खारी. रंग खारीचा, म्हणजे बेकरीतल्या, झाडावरच्या नव्हे. जात गावठी. दोन वर्षांपूर्वी भर पावसात आमच्या पार्किंगमध्ये येऊन बसली आणि मग वर आली, एवढाच तिचा इतिहास आम्हाला ठाऊक. तिच्या पोटाला हात लावा, कान उलटून बघा, तोंडात बोटं घालून गिळलेला मोजा बाहेर काढा, ती काही म्हणत नाही. पंजाकडे मात्र नुसतं पाहिलं तरी तो पोटाखाली ओढून घेते, सावकाराने तिजोरीची किल्ली कनवटीला लावावी तसा.

रस्त्यावरच्या कुत्र्यांची नखं दगडा-डांबरावर आपोआप झिजतात. आमच्या घरात चकचकीत टाइल्स. त्यांच्यावर नखं झिजत नाहीत, वाजतात. खारी रात्री दोनला पाणी प्यायला उठते आणि हॉलमधून स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातून गॅलरी अशी गस्त घालते. टक टक टक टक. एके सकाळी काकांनी मला जिन्यात गाठलं.

"तुमच्याकडे रात्री टायपिंग कोण करतं?"

काका सरकारी कार्यालयातून निवृत्त झालेले. हयात टाइपरायटरच्या आवाजात गेलेली. "नोकरीला मिनिटाला मराठी तीस शब्द, इंग्रजी चाळीस लागतात," ते म्हणाले. "हे इंग्रजी आहे. चाळीस सहज असेल. पण स्पेसबार फार मारतात."

म्हणून नखं कापायची ठरली. हे नीट लक्षात ठेवा, कारण काकांनी ठेवलं नाही.

कुत्र्याला साधारणपणे अठरा नखं असतात. पुढच्या पायांना पाच-पाच, मागच्या पायांना चार-चार. पुढचं पाचवं वर अंगठ्यासारखं लटकतं, जमिनीला टेकत नाही, त्यामुळे झिजतच नाही आणि दुर्लक्ष केलं तर गोल वळून मांसात रुतू शकतं. अठरा आकडा ऐकल्यावर माझ्या अंगावर काटा आला. गीतेचे अध्याय अठरा, पुराणं अठरा, अक्षौहिणी अठरा आणि युद्धही अठरा दिवस. मी म्हटलं, ठीक, रोज एक नख. अठराव्या दिवशी कौरव संपतील. आज एकविसावा दिवस आहे आणि पडलीत पाच. पाचांपैकी पहिलं पुन्हा वाढायला लागलंय.

एका ग्रूमिंगच्या दुकानातही नेऊन पाहिलं. तिथल्या मुलाने मुसकं बांधलं, खारीने त्याच्या बुटावर शू केली, आणि तो मला म्हणाला, "मॅडम, हिला भूलच द्यावी लागेल." पैसे घेतले ते घेतलेच. कशाचे, विचारलं तर म्हणे, प्रयत्नाचे.

मग व्हिडिओ. त्यात एक परदेशी बाई असते. तिच्या मांडीवर लॅब्रेडॉर घोरत पडलेला असतो आणि ती गप्पा मारत मारत कुट् कुट् कापत जाते. ती नखं कापत नाही, भेंडी चिरते. ही बाई भिंतीला पीनट बटर फासायला सांगते, म्हणजे कुत्रा चाटत बसतो. (आमच्या डॉक्टरांनी डोळे वटारून सांगितलं की डब्यावर झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, लिहिलेलं असेल तर तो डबा कुत्र्याला विष आहे. बाई हे बोलत नाही.) आम्ही भिंतीला काय फासणार? मी स्टीलच्या ताटलीत दही दिलं. परीक्षेला जाताना पोरांच्या तळहातावर दही-साखर ठेवतात ना, तो शुभशकुन. दोन परीक्षांनंतर खारीच्या लक्षात आलं की दही आलं की मागून पेपर येतो. आता ती दही बघितलं की पलंगाखाली जाते. नवऱ्याने कुठेतरी वाचून एका पाटावर पॉलिश पेपर ठोकला. कुत्र्याने त्यावर पंजे घासायचे आणि नखं आपोआप कमी व्हायची. खारी त्या पाटावर केळवणाला बसल्यासारखी बसली आणि पुढचं वाढण्याची वाट बघू लागली. या सगळ्या खटाटोपात खारीचा वाटा म्हणाल तर एवढाच.

पाव्हलोव म्हणून रशियात शास्त्रज्ञ होते. नोबेल त्यांना १९०४ साली पचनक्रियेवरच्या कामासाठी मिळालं, पण लोकांच्या लक्षात राहिली ती त्यांची कुत्री. जेवणाआधी ठरावीक आवाज करत गेलं की पुढे नुसत्या आवाजानेही त्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. आमच्याकडे तोच प्रयोग उलटा चालू आहे. नेलकटर ज्या खणात आहे तो खण उघडताना कुरकुरतो. कुरकुर झाली की खारी पलंगाखाली. त्याच खणात माझा वाचायचा चष्मा आहे. म्हणजे मी पेपर वाचायचा म्हटलं की घरातल्या एका जिवाला वाटतं आपला शेवट आला. तीन आठवडे मी पेपरातल्या फक्त ठळक बातम्या वाचते आहे. चष्मा दुसरीकडे ठेवता येईल हे मला कळतं, पण त्यासाठी खण उघडावा लागेल.

आणि मुख्य भीती वेगळीच. कुत्र्याच्या नखात आतपर्यंत रक्तवाहिनी आणि नस गेलेली असते. नख पांढरं असेल तर ती गुलाबी दिसते. काळं असेल तर काही दिसत नाही. कागदाइतका पातळ काप काढत जायचं आणि कापलेल्या तोंडाशी मधोमध गडद ठिपका दिसला की हात आखडायचा. खारीची चौदा नखं काळी. नखाखालच्या या नाजूक भागाला आपल्याकडे जिव्हाळी म्हणतात. किती नेमका शब्द आहे! माणसांत जिव्हाळा, नखात जिव्हाळी, दोन्हीकडे एक काप जास्त गेला की संपलं. नखं लांब राहिली की जिव्हाळीही लांबते, म्हणून एकदम छाटता येत नाही. दर आठवड्याला थोडं थोडं कापत गेलं की ती हळूहळू मागे सरकते. हे डॉक्टरांनी सांगितलं. दर आठवड्याला, असं म्हणाले ते. हसून.

तर शनिवार, संध्याकाळचे सात. नवऱ्याने खारीला कवेत धरलं होतं आणि स्वतःचे डोळे मिटले होते, त्याला रक्त बघवत नाही म्हणून. रक्त अजून आलेलंच नव्हतं. मी पकडीसारखं ते नेलकटर पुढे केलं. नखापासून ते वीतभर लांब असताना खारीने सूर लावला. कुकरची शिट्टी अडकावी आणि शेजारच्या मांडवातल्या सनईवाल्याने तोच स्वर धरून बसावं, तसा. मी दचकले, हात पुढे गेला, कुट्. लागली जिव्हाळी.

रक्त तसं थोडंच होतं, पण ती घरभर धावली. दिवाळीला लक्ष्मीची पावलं काढतो तशी लाल पावलं हॉलभर उमटली. फक्त लक्ष्मी उंबऱ्याबाहेर निघाली होती. "तुरटी आण!" मी ओरडले. नवरा हळदीचा डबा घेऊन धावत आला आणि त्याच रक्तावरून घसरला. हळद फरशीवर सांडली. तेवढ्यात बेल वाजली.

दारात काका. बगलेत लांबट वही. त्यांनी फरशीवरचं पिवळं पाहिलं, लाल पाहिलं.

"हळदीकुंकू होतं का?"

"नाही हो काका. खारीची नखं…"

"किंकाळी ऐकली. आधी वाटलं तुम्हीच. मग म्हटलं, नाही, यात सूर आहे." ते आत येऊन सोफ्यावर बसले आणि वही उघडली. खोटं नाही सांगत, त्यात रकाने आखलेले होते. ते वाचू लागले. "सोमवार, रात्री २.१० ते २.१४, टंकलेखन. मंगळवार, निरंक. बुधवार, २.३५, टंकलेखन, मध्येच थांबून खाजवणे. आज, १९.०५, किंकाळी, नग एक."

"काका, तुमची ती टकटक थांबावी म्हणूनच तर कापतेय!"

"टकटकीची तक्रार माझी, मान्य. त्यावर उपाय म्हणून किंकाळी तुम्ही निवडलीत." त्यांनी शाईपेनाचं टोपण लावलं. "प्राण्यांच्या छळाविरुद्ध कायदा आहे. १९६० चा. मी तेव्हा दुसरीत होतो."

नवरा फरशीवर बसल्या बसल्याच म्हणाला, "चहा टाकू का काका?" या माणसाला कुठल्याही प्रसंगी चहा सुचतो.

"अर्धा कप. साखर नको." मग माझ्याकडे वळून, "आणि मला सांगा, रस्त्यावरच्या कुत्र्यांची नखं कोण कापतं?"

मी दगड सांगितले, डांबर सांगितलं, टाइल्स सांगितल्या. हे सगळं एका हाताने खारीचा डावा पंजा तुरटीवर दाबून धरत. काकांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे दोष फरशीचा."

"तसं म्हणा हवं तर."

"मी तेव्हाच बिल्डरला म्हटलं होतं, शहाबादी घाला." आणि पुढची दहा मिनिटं शहाबादी फरशी. ती उन्हाळ्यात कशी गार असते, तिच्यावर पाय कसा घसरत नाही, त्यांच्या जुन्या वाड्यात तिच्यावर पापड कसे लाटत, आणि बिल्डरने लिफ्टसुद्धा कशी अरुंद दिली की कपाट तिरपं करूनही आत जाईना. मधेच ते थांबले. घड्याळ पाहिलं. चेहरा गंभीर झाला.

"आज शनिवार ना?"

"हो."

"शनिवारी नखं? आणि तीही दिवेलागणीला?"

"काका, ती कुत्री आहे."

"लोक शनिवारी कुत्र्याला पोळी घालतात. तुम्ही हे करता."

याच वेळी त्यांनी खिशातून बिस्किट काढलं. चहात बुडवायला स्वतःचं बिस्किट घेऊन आले होते ते, म्हणजे चहा मिळणार याची खात्री धरूनच वर आले होते, हे मला आत्ता लिहिताना कळतंय. सोफ्याखालून नाक आलं, मग खारी आली, आणि मग पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे. त्यांनी तिचा पंजा तळहातावर घेतला, एकेक बोट दाबून नख बाहेर काढून पाहिलं. पाचही. ती शेपूट हलवत बघत होती. मी तिला कधी चिमटा काढला नाही, ओरडले नाही, आणि माझ्या वाट्याला सनई. हे गृहस्थ तिच्याविरुद्ध वही लिहितात, आणि त्यांना पंजा.

"वाढलीत हो नखं. कापत नाही का तुम्ही?"

मी नेलकटर त्यांच्यापुढे धरलं. "तुम्हीच कापा ना. देतेय ती."

"छे छे," ते पंजा खाली ठेवून उठले. "शनिवारी मी स्वतःचीही कापत नाही." जाता जाता उभ्या उभ्या त्यांनी वहीत काहीतरी नोंदवलं. मला वाचता आलं नाही. चष्मा खणात होता.

रात्री झोप येईना. मोबाइलवर अक्षरं मोठी करून मी तो कायदा शोधला. प्राण्याच्या छळाबद्दल पहिल्या गुन्ह्याला दंड किमान दहा रुपये, जास्तीत जास्त पन्नास. मला आधी हसूच आलं. ग्रूमिंगवाल्या पोराने नुसत्या प्रयत्नाचे याच्या दसपट घेतले होते. छळ स्वस्त, नखं महाग. नवऱ्याला उठवून सांगितलं, तोही झोपेत हसला.

मग माझं हसू गेलं. खारीच्या डाव्या पायाला, पंजाच्या जरा वर, बोटभर रुंदीची एक रेघ आहे जिथे केस उगवत नाहीत. तार असेल किंवा नायलॉनची दोरी. कोणी बांधली, किती दिवस ठेवली, ती कशी सुटली, तिलाच माहीत. ज्याने बांधली त्याच्यावर कोणी तक्रार केली असती, ती पोलिसांनी घेतली असती, आणि खटला उभा राहिला असता, तरी पन्नासाची नोट काढून तो घरी गेला असता. कदाचित सुटे परत मागून. आणि त्याच्या रात्रीची नोंद करायला खाली कोणी काका नव्हते. मला नोटीस दाखवायला माणूस वही घेऊन दोन मजले चढतो. बरं, दोन नाही, एकच.

या विचारात असताना पलंगाखाली हालचाल झाली. खारी उठली, अंग झटकलं आणि निघाली. हॉल, स्वयंपाकघर, वाटीतलं पाणी लपलप, गॅलरी. डावा पंजा जरा उचलून टाकत होती. टक टक. टक. टक टक. टक. खाली काकांच्या खोलीतला दिवा लागला, त्याचा उजेड आमच्या गॅलरीच्या कठड्यावर पडला. मी घड्याळ पाहिलं, दोन वाजून बारा मिनिटं. मग डोळे मिटून मोजू लागले. वेग उतरला होता. तीस असेल.

मराठी.