मॅन्डोलिनची खरखर ट्रस रॉडने जात नाही

मॅन्डोलिन शिकणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो. तार खरखरली म्हणजे ती मानेवरच्या धातूच्या पडद्यांच्या फार जवळ आली आहे, तेव्हा मानेतला ट्रस रॉड, म्हणजे मानेचा बाक आवरणारी धातूची सळई, थोडा सैल करावा. तारा दाबायला जड जात असतील तर तोच रॉड आवळावा. पेटीवर तारा उचलून धरणाऱ्या घोडीला मात्र हात लावू नये, कारण ती हलली की सूर बिघडतो. या सल्ल्याने चांगली वाद्ये विनाकारण खराब होतात, म्हणून त्यातले एकेक विधान तपासणे मला आवश्यक वाटते.

खरखर म्हणजे तार खाली आली, हे पहिले विधान. खरखर कुठे होते हे ऐकल्याशिवाय तिचे कारण सांगताच येत नाही. मोकळी तार खरखरते पण कुठल्याही पडद्यावर दाबली की स्वच्छ वाजते, तर नटातली, म्हणजे मानेच्या टोकाला तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्यातली, खाच झिजून खोल गेलेली असते. एकाच ठिकाणी दाबल्यावर खरखर येत असेल, तर बहुधा त्याच्या पुढचा पडदा उचललेला असतो किंवा दाबलेला पडदा झिजलेला असतो. लगतच्या तीन पडद्यांवर एक छोटी सरळ पट्टी टेकवून पाहिली आणि ती मधल्या पडद्यावर डुगडुगली, तर तो उंच आहे हे लगेच कळते. मॅन्डोलिनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. तिच्या आठ तारा चार जोड्यांत असतात आणि नटावर जोडीतल्या दोन तारा फार जवळ बसल्या असतील, तर जोरात छेडल्यावर त्या एकमेकींवरच आपटतात. शिवाय टेलपीसचे, म्हणजे पेटीच्या टोकाला तारा अडकवलेल्या भागाचे, सैल झाकण किंवा खुंटीचा ढिला स्क्रूही अगदी तसाच आवाज करतो. यांपैकी एकाही दोषाचा ट्रस रॉडशी संबंध नाही.

रॉड आवळून तारा खाली आणाव्यात, हे दुसरे विधान सर्वांत घातक आहे. रॉडचे काम तारांची उंची ठरवणे हे नसून, आठ तारांचा मिळून सत्तर किलोच्या आसपास जाणारा ताण मानेला पुढे वाकवतो, त्याला आवर घालणे हे आहे. तार पहिल्या पडद्यावर आणि मान जिथे पेटीला मिळते त्या पडद्यावर एकाच वेळी दाबून धरावी आणि सहाव्या-सातव्या पडद्यापाशी तिच्याखालची फट पाहावी. साध्या कागदाच्या जाडीइतकी, म्हणजे सुमारे 0.1 मिलिमीटर फट असेल, तर रॉडला हात लावण्याचे काहीच कारण नाही. फट अजिबात नसेल आणि खरखर पहिल्या काही पडद्यांवरच असेल, तर मान मागे वाकलेली असते, आणि तेव्हा रॉड सैल करण्याचा सल्ला बरोबर ठरतो. तेही एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा कमी. उंच तारा खाली आणण्यासाठी मात्र रॉड आवळत राहिले, तर मान मागे वाकते, नटाजवळचे पडदे खरखरू लागतात आणि पेटीकडच्या पडद्यांवरची उंची जवळपास तशीच राहते. अनेक जुन्या आणि स्वस्त मॅन्डोलिनांत तर आवळता येणारा रॉडच नसतो.

तिसरे विधान घोडीचे. मॅन्डोलिनची घोडी पेटीला चिकटवलेली नसते, ती केवळ तारांच्या दाबावर उभी असते, आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या चकत्या उंची बदलण्यासाठीच दिलेल्या असतात. बाराव्या पडद्यावर तारेची उंची साधारण दीड ते दोन मिलिमीटर असावी. बारावा पडदा तारेच्या मध्यावर येत असल्याने तिथे अर्धा मिलिमीटर कमी करायचा असेल, तर घोडी एक मिलिमीटर खाली न्यावी लागते. चकत्या फिरवण्याआधी तारा सैल कराव्यात, म्हणजे आटे झिजत नाहीत. सगळ्या तारा एकदम काढू नयेत, आणि घोडीच्या पायांची जागा कागदी चिकटपट्टीवर पेन्सिलीने आखून ठेवावी. नंतर बाराव्या पडद्यावरचा दाबलेला स्वर आणि तिथलाच हार्मोनिक, म्हणजे तार न दाबता नुसते बोट टेकवून निघणारा स्वर, ताडून पाहावा: दाबलेला स्वर चढा असेल तर घोडी टेलपीसकडे सरकवावी, उतरा असेल तर मानेकडे. तारा पुन्हा लावताना घोडी मानेकडे कलते, म्हणून ती अधूनमधून सरळ करावी.

हवेचा विचारही या सल्ल्यात नाही. मुंबईत किंवा कोकणात पावसाळ्यात पेटीचे लाकूड फुगते, वरची पाटी उचलली जाते आणि तारा उंच होतात. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात तीच पाटी बसते आणि खरखर सुरू होते. जुलैत जड लागणाऱ्या तारांसाठी रॉड आवळला, तर पुढच्या एप्रिलमध्ये त्याच वाद्यात मागे वाकलेली मान आणि बसलेली पाटी असे दोन दोष एकत्र भेटतात.

रागसंगीत वाजवणाऱ्यांनी तारांची उंची ठरवताना मींडेचाही, म्हणजे तार बाजूला ओढून स्वर सरकवण्याचाही, हिशेब धरावा. पडदे बसवलेली फळी गोलसर असेल, तर बाजूला ओढलेली तार फळीच्या उंचवट्याशी जवळ येते आणि पुढच्या पडद्याला लागून मध्येच मरते. अशा वादकाने बाराव्या पडद्यावर दोन मिलिमीटरच्या खाली सहसा जाऊ नये. आणि दोष पडद्याच्या उंचीतच असेल, तर पडदे घासून समतल करण्याचे काम कारागिराकडेच द्यावे, कारण घासलेला धातू परत येत नाही.