उचंत खात्यातली माणसं

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला कोणी काम सांगितलं की तो आधी "छे, छे" म्हणतो आणि लगेच चष्मा शोधायला लागतो. माझंही तेच झालं. भाचीचा फोन आला, "मामा, तू बँकेत कोबोलमध्ये प्रोग्रॅम लिहायचास ना? माझा कोड जरा तपासून देशील? फक्त सहाशे ओळी आहेत."

त्या 'फक्त'ला मी फसलो. मुंजीची यादी करतानासुद्धा लोक 'फक्त घरचेच' म्हणतात.

भाची साथीच्या रोगांवर पीएच.डी. करते. डेंग्यू आणि चिकनगुनिया एकाच गावात, एकाच पावसाळ्यात आले तर काय होईल, याचं गणित तिनं संगणकावर मांडलंय. प्रबंध देण्याआधी कोणा परक्या डोळ्यानं कोड वाचावा, असं तिच्या गाइडनी सांगितलं. मामाचा डोळा परका कसा, हे मी विचारलं नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तो मलाही थोडा परकाच वाटतो.

मूळ कल्पना सोपी आहे. १९२७ साली करमॅक आणि मॅकेंड्रिक या दोघांनी अख्ख्या गावाला तीन खोल्यांत बसवलं: ज्यांना रोग अजून व्हायचाय ते, ज्यांना झालाय ते आणि ज्यांना होऊन गेलाय ते. माणसं पहिलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. पण रोग दोन असले की तीन गुणिले तीन, म्हणजे नऊ खोल्या. डेंग्यू झालाय पण चिकनगुनिया व्हायचाय, डेंग्यू होऊन गेला आणि आता चिकनगुनिया चालू आहे, वगैरे. आमच्या इंदूरच्या रामबागेतल्या जुन्या वाड्यात अकरा बिऱ्हाडं होती आणि कोण कधी कोणाच्या खोलीत जेवतंय याचा हिशेब आजीला तोंडपाठ असे. म्हटलं, नऊ खोल्या म्हणजे काय मोठंसं!

लॅपटॉप उघडला. पहिल्याच पानावर भाचीनं टीप लिहून ठेवली होती: 'ही ओळ का लागते माहीत नाही, पण काढू नये.' आमच्या बँकेत अशी एक फाइल होती. तीन मॅनेजर बदलले, फाइल तिथेच.

मी माझ्या पद्धतीनं सुरुवात केली, म्हणजे आधी ताळा. सुरुवातीला गावात दहा लाख माणसं. मॉडेलमध्ये कोणी जन्मत नाही, कोणी मरत नाही, स्टेशनवर गाडीही थांबत नाही. म्हणजे सहा महिन्यांनंतर नऊ खोल्यांची बेरीज दहा लाखच यायला हवी. आली दहा लाख चारशे बारा. शिवाय वर दशांश चिन्ह आणि त्यापुढे पाऊण माणूस.

पाऊण माणसाचं मला काही वाटलं नाही. असे लोक बँकेत बरेच पाहिलेत. पण चारशे बारा? मी फोन केला.

"चारशे बारा माणसं जास्त आहेत गं."

"दहा लाखांत चारशे म्हणजे काहीच नाही, मामा."

माझ्या काळजात कळ आली. एका रुपयाच्या फरकासाठी आम्ही रात्री साडेनऊपर्यंत ब्रांचमध्ये बसलेले आहोत. बायको डबा घेऊन येई. फरक सापडलाच नाही तर तो उचंत खात्यात टाकायचा, पण तोही मान खाली घालून. मी म्हटलं, "मग दहावी खोली कर. उचंत खातं. चारशे बारा जण तिथे बसव." ती हसली. मी विनोद केला नव्हता.

मग लाल शाईनं, म्हणजे संगणकावर लाल अक्षरांनी, मी शेरे मारत सुटलो. एका जागी रोगमुक्तीचा वेग आठवड्याचा आणि लागणीचा दिवसाचा होता, म्हणजे जमा रुपयांत आणि नावे पैशांत. ते तिनं मुकाट्यानं मान्य केलं. एका खोलीत उणे तीन रुग्ण होते. तिनं वेळाची पावलं फार लांब टाकली होती आणि एका पावलात खोलीत होती त्याहून जास्त माणसं बाहेर काढली होती. पाऊल लहान केल्यावर ते तिघे सुखरूप शून्यावर आले. माझी छाती दीड इंच फुगली आणि त्याच भरात मी तोंडावर आपटलो.

झालं असं की, डेंग्यू कोण पसरवतंय याच्या बेरजेत दोन्ही रोग झालेली खोली होती, आणि चिकनगुनियाच्या बेरजेतही तीच. मी ठळक लिहिलं, 'दुबार नोंद! रद्द करा.'

"मामा," तिनं शांतपणे विचारलं, "आपल्या गणपतीत तू कुठल्या समितीत असतोस?"

"सजावट. आणि प्रसाद."

"चहाचे कप मोजताना तू एक की दोन?"

"एक."

"आणि कामाला?"

बायको मधूनच म्हणाली, "शून्य." पण मुद्दा कळला. माणूस डोकी मोजताना एकदाच येतो. रोग मात्र तो दोन्ही वाटतो, म्हणून तिथे दोनदा येतो. मी शेरा खोडला. बँकेत खोडल्यावर सही करतात. तीही केली असती.

मानभंग भरून काढायला मी विचारलं, "पण यात डास कुठे आहे?"

"बीटामध्ये."

बीटा म्हणजे लागणीचा वेग, हे एक ग्रीक अक्षर. रोनाल्ड रॉसनं २० ऑगस्ट १८९७ला सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू शोधला, त्याला पुढे नोबेल मिळालं, आणि आमच्या मुलीनं अख्खा डास एका अक्षरात कोंबला! त्यात डेंग्यू-चिकनगुनियाचा हा डास, एडिस इजिप्ती, दिवसा चावणारा, घराघरातल्या साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालणारा. स्वच्छतेत सलग सात वेळा देशात पहिलं आलेलं आमचं इंदूर त्याला किती आवडत असेल! आम्ही कचरा वेगवेगळ्या डब्यांत घालतो आणि कूलरमधलं पाणी दिवाळीपर्यंत राहू देतो.

दिवाळीवरून आठवलं. शंभर वर्षांपूर्वी होळकर दरबारानं पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकाराला इंदुरात बोलावलं होतं. त्यानं दिवाळीत मिरवणूक काढली, त्यात प्लेगचा अवाढव्य उंदीर होता आणि मलेरियाचे डासही होते. मला ते फार पटतं. उंदीर वेगळा, डास वेगळे. दोन्ही झालेल्यांसाठी तिसरी गाडी नाही. कोणाला ताळा करावा लागला नसेल.

भाद्रपदात आई तापली. दोन दिवसांत सांधे असे धरले की ती कमरेत वाकली. 'चिकनगुनिया' हा टांझानियातल्या माकोंडे भाषेतला शब्द, अर्थ साधारण 'वाकून जाणं'. तपासणीत डेंग्यूही निघाला. म्हणजे आई थेट मधल्या, दोन्ही रोग चालू असलेल्या पाचव्या खोलीत. शेजारून बकरीचं दूध आलं, पपईच्या पानांचा रस आला, सल्ले तर न मागता आले. मी तिच्या उशाशी लॅपटॉप घेऊन बसलो.

आठवडाभरानं डॉक्टर म्हणाले, "डेंग्यू आटोपला. दुसरा जरा रेंगाळेल." मी कोडमध्ये आईचं बोट धरून निघालो. पाचव्या खोलीतून ती 'डेंग्यू गेला, चिकनगुनिया चालू' या खोलीत यायला हवी. आली. मग सहज मागे वळून पाहिलं, तर पाचव्या खोलीतही आई! तिथून बाहेर पडणाऱ्यांच्या वजाबाकीत चिकनगुनियातून बरे झालेले होते, डेंग्यूतून बरे झालेले नव्हते. वरची ओळ उचलून खाली चिकटवताना अर्धी राहिली होती. जो जो डेंग्यूतून उठे, तो जुन्या खोलीतही झोपूनच राही.

रात्री पावणेबाराला मी ओरडलो, "सापडले! चारशे बारा सापडले!"

आईनं कूस बदलली. "कोण रे?"

"तू, आई. दोन-दोन तू."

"एकीला तरी गुडघे बरे आहेत का?"

भाचीनं ओळ दुरुस्त केली. बेरीज दहा लाख, वर दशांशानंतर शून्यंच शून्यं. मी तिला आजीचा प्रश्न सांगितला. ती म्हणाली, "सांधे महिनोन् महिने दुखू शकतात, पण रोग पसरणं आधीच थांबतं. मॉडेलमध्ये गुडघ्यांना खोली नाही." मग जरा थांबून म्हणाली, "डेंग्यूचे चार प्रकार असतात. एक झाला तरी दुसरा होऊ शकतो. तेही घेतले तर दोनशे त्रेचाळीस खोल्या होतात. बघशील?" मी रेंज जात असल्याचं सांगितलं.

चार दिवसांनी दारात ताप-सर्वेक्षणवाली मुलगी आली. कूलर, कुंड्या, गच्चीवरचे डबे पाहिले, मग फॉर्म काढला. "अम्माजी को डेंगू था या चिकनगुनिया?"

"दोन्ही," मी म्हटलं, आणि मुलीला डोकी आणि रोग यांच्या बेरजेतला फरक समजावू लागलो. समितीच्या चहापर्यंत पोचलोही.

"अंकल, फॉर्म में खाना तो एक ही है," ती म्हणाली.

आईनं आतून आवाज दिला, "दोन्ही लिही गं, दोन्ही माझेच होते."

मुलीनं घड्याळ पाहिलं, फॉर्म पाहिला आणि तळाशी 'अन्य' होतं, तिथे खूण केली.