रुबेला आयजीजी पॉझिटिव्ह? मग रडताय कशाला!

टॉर्चचा, म्हणजे पोटातल्या बाळाला बाधू शकणाऱ्या संसर्गांच्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट आला, रुबेला आयजीजीसमोर ठळक अक्षरात ‘पॉझिटिव्ह’ दिसलं, की घरात रडारड सुरू. सासूबाई देव पाण्यात घालतात, नवरा गुगल उघडतो. अहो, आयजीजी म्हणजे जुनी प्रतिकारशक्ती. रुबेला म्हणजे जर्मन गोवर, तो कधीतरी होऊन गेलाय किंवा त्याची लस मिळालीय, एवढाच त्याचा अर्थ. बहुतेक लॅबमध्ये १० युनिट प्रति मिलिलिटर ही रेघ धरतात. आकडा १५० आला म्हणून आजार जास्त, असं काही नसतं. मागच्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ आलं नसेल, पुरळ आलेल्या कुणाशी संपर्क आला नसेल, तर निवांत जेवा. घोर लागायला हवा तो निगेटिव्हवालीला, आणि नेमकी तीच “सगळं नॉर्मल आलंय” म्हणून फाइल बंद करते.

आईला हा आजार किरकोळच वाटतो. बारीक ताप, कानामागे गाठी, चेहऱ्यापासून खाली उतरणारं तीन दिवसांचं पुरळ. कित्येकींना तेवढंही होत नाही. शिवाय पुरळ दिसण्याआधी आठवडाभर माणूस विषाणू पसरवत असतो. त्यामुळे लेडीज डब्यात शेजारी उभी असलेली कोण, हे ओळखून लांब राहणं अशक्य.

पोटातल्या बाळाचं मात्र वेगळं. १९४१ साली सिडनीतले नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांच्याकडे जन्मतः मोतीबिंदू असलेली बाळं येऊ लागली, आणि त्यांच्या आयांना गरोदरपणाच्या सुरुवातीला रुबेला झाला होता हे त्यांनी पकडलं. पहिल्या १२ आठवड्यांत अवयव घडत असतात आणि विषाणू वारेतून थेट तिथे पोचतो. त्या काळात संसर्ग झाला तर दहातल्या आठ-नऊ बाळांत दोष राहू शकतो. बहिरेपण, मोतीबिंदू, हृदयातली बंद न झालेली नळी, मेंदूची खुंटलेली वाढ. पुढे धोका झपाट्याने घटतो, तरी सोळाव्या आठवड्याच्या आसपास कान जाऊ शकतात. विसाव्यानंतर दोष क्वचितच.

“लहानपणी गोवराची लस दिली होती गं,” असं आई सांगते. खरंच दिली असेल, पण सरकारी लसीकरणात तेव्हा नुसता गोवर होता. महाराष्ट्रात गोवर-रुबेला मोहीम आली नोव्हेंबर २०१८मध्ये, ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलांसाठी. तेव्हा पंधराच्या पुढे असलेल्या मुली हुकल्या, आणि आज बाळाचा विचार करणाऱ्या बहुतेक जणी त्यातल्याच. खासगी डॉक्टरकडे एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची एकत्र लस) घेतली असेल तर जुनं कार्ड शोधा.

कार्ड सापडत नसेल तर अख्खं टॉर्च नको, नुसतं रुबेला आयजीजी करा. किंवा सरळ एमएमआर घ्या. आधीच प्रतिकारशक्ती असली तरी जादा डोसने बिघडत नाही. अर्धा मिलिलिटर, दंडाच्या त्वचेखाली. भुकटी तुमच्यासमोर विरघळवायला सांगा, कालवून ठेवलेली लस काही तासांत निकामी होते. दिवस गेलेले नाहीत याची खात्री करून घ्या आणि पुढचे २८ दिवस गर्भ राहू देऊ नका. केळवणं सुरू असतानाच टोचून घेतली तर हा महिना अलगद निघून जातो. दोनेक आठवड्यांनी सांधे दुखले तर घाबरू नका. चुकून गरोदरपणात घेतली गेली, तरी त्यासाठी गर्भपात करायचं कारण नाही.

गरोदर असताना पुरळवाल्या मुलाशी संबंध आला तर? पुरळाची वाट बघत बसू नका. लगेच आयजीजी आणि आयजीएम (ताज्या संसर्गात दिसणारं प्रतिद्रव्य) करा, आणि नमुना फ्रीजरमध्ये ठेवायला लॅबला सांगा. दोन-तीन आठवड्यांनी दुसरा नमुना घेऊन दोन्ही एकाच लॅबमध्ये एकत्र तपासायचे. निगेटिव्हचं पॉझिटिव्ह झालं तर संसर्ग झाला. एकट्या आयजीएमवर विश्वास नको, ते दुसऱ्या विषाणूंमुळे, संधिवाताच्या घटकामुळेही खोटं पॉझिटिव्ह येतं. अशा वेळी अॅव्हिडिटी तपासणी मागा, म्हणजे आयजीजीची विषाणूवरची पकड किती घट्ट आहे ते कळतं. दहाव्या आठवड्यात अॅव्हिडिटी जास्त आली तर संसर्ग तीनेक महिन्यांपेक्षा जुना, म्हणजे बहुधा गरोदरपणाआधीचा. विसाव्या आठवड्यात हाच निकाल काही सांगत नाही. एका आयजीएमच्या कागदावर गर्भ पाडायचा सल्ला देणारा डॉक्टर बदला, हे आमचं स्पष्ट मत.

आणि वारंवार गर्भपात होणाऱ्या बाईला दरवेळी टॉर्च लिहून देणं तर निव्वळ पैशाची नासाडी.

निगेटिव्ह असताना दिवस गेलेच असतील तर लस बाळंतपणानंतर, घरी सोडण्याआधी. अंगावर पाजत असाल तरी चालते. अँटी-डी (आरएच निगेटिव्ह आईला देतात ते इंजेक्शन) किंवा रक्त दिलं असेल तर तीन महिन्यांनी आयजीजी पुन्हा बघा, लस लागली की नाही ते कळेल. बाळाच्या बीसीजीची आठवण वॉर्डात सगळ्यांना असते, आईच्या लसीची तुम्हालाच करून द्यावी लागेल.