आउट्रम रोडवरून ग्वाल्हेरचा किल्ला

आमच्या घरच्या ग्रुपवर चार दिवस भांडण पेटलंय. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या मंडळाच्या हॉलमध्ये किल्ल्याची जुनी चित्रं लावायचं चाललंय, कंपनी सरकारच्या कुणा कॅप्टननं फिरतीवर काढलेली. धाकटा चुलतभाऊ लिहितो, "ही चित्रं नव्हेत, हेरगिरी आहे." खाली सव्वीस अंगठे.

अरे, होतीच हेरगिरी! मी राहतो त्या लंडनच्या ॲडिसकोंबमध्ये १८०९ ते १८६१ कंपनीचं लष्करी कॉलेज होतं. तोफखान्याच्या पोरांना तिथं चित्रकलाही शिकवत. सुरुवातीला कॅमेरा नव्हता, टेकाड कुठं चढतं, वाट कुठं फुटते, हे हातानंच टिपायचं. पण १७८० मध्ये कंपनीच्या पॉपहॅमची माणसं रात्री शिड्या लावून महादजी शिंद्यांचा हा किल्ला चढली, तेव्हा वाट दाखवणारी गोहदच्या राणाची माणसं होती. त्यांच्यावर कुणी बोलत नाही. आणि आपलं लष्कर तरी काय? दौलतराव शिंद्यांची छावणी पडली ती उठलीच नाही.

असं एक रेखाटन मी इथल्या ब्रिटिश लायब्ररीत पाहिलंय. पेन्सिल, वर पातळ तपकिरी रंग. किल्ल्यावरच्या मानमंदिर महालाचे बुरूज कसे निगुतीनं काढलेत! खालच्या शहराच्या मात्र नुसत्या आडव्या रेघा. पुढं बैल हाकणारा एक माणूस आहे. बैलाला डोळे आहेत, माणसाला तोंडच नाही. चिडायचं तर याच्यावर चिडा.

इथं आमच्या गल्ल्यांना आउट्रम, हॅवलॉक, कॅनिंग अशी, सत्तावन्नचं बंड मोडणाऱ्या साहेबांची नावं आहेत. शेजारच्या पोलिश बाईला विचारा हे कोण, तर ती ट्रामचा स्टॉप दाखवेल. कुणाचं काही दुखत नाही. उलट लॉफ्टची खिडकी बदलायची तर कौन्सिलला घराचे चारी बाजूंचे नकाशे द्या. जुनं जपावं कसं, ते यांच्याकडून शिकावं. एवढं मी ग्रुपवर लिहिलं.

उत्तर आलं: "दादा, दौलतगंजचा आपला वाडा पाडला तेव्हा तुझ्या सहीचा कागद तिकडूनच आला होता ना?"

आला होता. हाय कमिशनमध्ये शिक्का मारून घेतला, रजा नको म्हणून दुपारच्या सुटीत.

वाड्याचा एकही धड फोटो नाही. मुंजीच्या फोटोत नुसती माणसंच माणसं. आत्याला फोन करून विचारलं, चौकात खांब किती होते? म्हणाली, "चार. नाही रे, सहा असतील."

रात्री लेकीची पेन्सिल घेऊन बसलो. सहा काढले, तर माडीचा जिना बसेना. चार काढले, तर विहीर चौकाबाहेर जाते.