थेरपीचा खर्च कोणी उचलायचा?

मानसिक आरोग्याविषयी महाराष्ट्रात आता पूर्वीपेक्षा मोकळेपणाने बोलले जाते. त्या बोलण्यात पैशांचा विषय निघाला की दोन मते हमखास ऐकू येतात. थेरपी ही पुण्या-मुंबईतल्या भरपूर पगारदारांची चैन आहे, हे एक. आणि परदेशात हे सगळे फुकट मिळते, हे दुसरे. मी जर्मनीत राहते, येथील सरकारी आरोग्य विम्याची सभासद आहे, आणि आईवडील पुण्यात असल्यामुळे भारतातल्या पॉलिसीचे कागदही मला नियमितपणे वाचावे लागतात. दोन्हीकडचे अनुभव समोर ठेवले तर ही दोन्ही मते मूळ प्रश्नाला बगल देतात असे मला वाटते. भारतात मानसिक आजारावरील उपचारांना विम्याचे संरक्षण देणारा कायदा आहे. पण आपल्या पॉलिसींची रचनाच अशी आहे की ते संरक्षण रुग्णालयाच्या खाटेपाशी येऊन थांबते आणि थेरपीपर्यंत पोहोचतच नाही.

आधी ‘फुकट’ या समजुतीविषयी. जर्मनीत सरकारी विम्यासाठी एकूण पगाराच्या 14.6 टक्के आणि त्यावर प्रत्येक विमा संस्थेचा थोडा अतिरिक्त हप्ता अशी रक्कम दरमहा जाते. त्यातला अर्धा वाटा कर्मचाऱ्याचा आणि अर्धा मालकाचा असतो. तरुण, धडधाकट माणसाच्या पगारपत्रकातून ही रक्कम वर्षानुवर्षे कापली जात असते. त्या बदल्यात गरज पडेल तेव्हा थेरपिस्टकडे जाताना खिशात हात घालावा लागत नाही, डॉक्टरांची चिठ्ठीही लागत नाही. फक्त विम्याचे कार्ड दाखवायचे. पहिली भेट केवळ बोलून अंदाज घेण्याची असते, आणि ती संपताना प्राथमिक निदान आणि पुढची शिफारस लिहिलेला एक छापील फॉर्म हातात मिळतो. त्यानंतर दोन ते चार भेटी एकमेकांशी जमते का हे पाहण्यासाठी राखलेल्या असतात, आणि या भेटींचे पैसेसुद्धा विमाच देतो. मग विमा संस्थेकडे अर्ज जातो. अल्पकालीन थेरपीची बारा-बारा सत्रे दोन टप्प्यांत मंजूर होतात, प्रत्येक सत्र पन्नास मिनिटांचे. वर्तनोपचार पद्धतीची दीर्घकालीन थेरपी साठ सत्रांपर्यंत आणि गरज पटवून दिल्यास ऐंशीपर्यंत जाऊ शकते. नवराबायकोंच्या समुपदेशनाचे पैसे मात्र विमा देत नाही, कारण पैसे देण्यासाठी विम्याला आजाराचे निदान लागते.

कागदावर ही व्यवस्था अत्यंत सुबक आहे, आणि मी तिची मनापासून बाजू घेते. परंतु मंजुरी मिळणे वेगळे आणि थेरपिस्ट मिळणे वेगळे. सरकारी विम्याचे रुग्ण घेण्याची परवानगी असलेल्या थेरपिस्टांच्या जागा विभागवार ठरवून दिलेल्या असतात. 1999 मध्ये या व्यावसायिकांना विम्याच्या यंत्रणेत घेतले गेले, त्या वेळी जेवढे लोक प्रत्यक्ष काम करत होते तेवढीच गरज मानून आकडे बांधले गेले. नंतर थोडीफार भर पडली, पण मागणी त्याच्या कितीतरी पुढे गेली. परिणामी पहिल्या भेटीनंतर प्रत्यक्ष थेरपी सुरू व्हायला कित्येक महिने लागणे ही येथे नित्याची गोष्ट आहे. बहुतेक थेरपिस्ट एकटेच काम करतात, स्वागतकक्ष नसतो, आणि फोन घेण्याची वेळ ठरावीक आणि मोजकीच असते. एरवी यंत्रावर निरोप ठेवायचा. ज्या माणसाला नैराश्यामुळे सकाळी उठून दात घासणेही जड जाते, त्याने यादी समोर घेऊन ठरावीक मिनिटांत एकामागून एक फोन लावायचे आणि ‘सध्या जागा नाही’ हे परक्या भाषेत ऐकत राहायचे, ही अपेक्षा क्रूर आहे. त्यातही एक पळवाट आहे. कोणाला, कधी फोन केला आणि काय उत्तर मिळाले याची नोंद ठेवली आणि वाजवी मुदतीत जागा मिळत नाही हे दाखवून दिले, तर खासगी थेरपिस्टचा खर्च विमा संस्थेकडून मागता येतो. त्यासाठीही अर्ज, नकार, हरकत असा पत्रव्यवहार करावा लागतो. 116117 या क्रमांकावरून तातडीची पहिली भेट ठरवून मिळते, हे येथे नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाने लिहून ठेवावे.

आपल्या लोकांपुढे भाषेचा प्रश्न वेगळाच उभा राहतो. कामापुरते जर्मन येणे आणि आईच्या आजारपणात जवळ नसल्याचा सल जर्मनमध्ये सांगता येणे यांत फार अंतर आहे. म्हणून येथील कितीतरी मराठी माणसे पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या समुपदेशकाशी व्हिडिओ कॉलवर बोलतात. हिवाळ्यात साडेचार तासांचे अंतर सांभाळून शनिवारी सकाळी मुले उठण्याआधीची वेळ ठरवतात आणि रुपयांत पैसे पाठवतात. त्यातला एक पैसाही जर्मन विमा परत देत नाही. म्हणजे दरमहा भरघोस हप्ता भरूनही ही माणसे थेरपीच्या बाबतीत पुण्यातल्या रुग्णाच्याच रांगेत उभी असतात.

ही रांग कशी आहे? पुण्या-मुंबईत एका सत्राला हजारापासून अडीच हजारांपर्यंत रुपये मोजणे सर्रास झाले आहे. दीड हजार धरले आणि आठवड्याला एक सत्र असेल, तर महिन्याचे सहा हजार झाले. तीस हजार पगार असलेल्या मुलीच्या उत्पन्नाचा तो पाचवा हिस्सा आहे. ती तीन-चार सत्रांनंतर जायचे थांबवते आणि घरचे म्हणतात, बघ, काही उपयोग झाला नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम 2017 हा 29 मे 2018 पासून लागू झाला. त्याच्या कलम 21 नुसार शारीरिक आजारासाठी ज्या आधारावर विमा मिळतो, त्याच आधारावर मानसिक आजारासाठीही तो देणे प्रत्येक विमा कंपनीवर बंधनकारक आहे. विमा नियामकाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये परिपत्रक काढले. 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने एका विमा कंपनीला मानसिक आजारावरील रुग्णालयाचा दावा नाकारल्याबद्दल फटकारले आणि तो मंजूर करायला लावला. 2022 मध्ये नियामकाला कंपन्यांना पुन्हा मुदत घालून द्यावी लागली. हा प्रवास संथ असला तरी त्याचे मोल मी कमी मानत नाही. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजाराने दाखल झालेल्या रुग्णाच्या कुटुंबाला त्याने खरा आधार दिला आहे.

पण ‘त्याच आधारावर’ या शब्दांतच अडचण दडलेली आहे. आपल्या बहुतेक पॉलिसी किमान चोवीस तास दाखल झालेल्या रुग्णाचाच खर्च देतात. मधुमेहाच्या रुग्णाला बाह्यरुग्ण तपासणीचे पैसे मिळत नाहीत, म्हणून नैराश्याच्या रुग्णाला थेरपीचे मिळत नाहीत. नियमाने पाहता समानता पाळली गेली. थेरपी मात्र जवळजवळ सगळीच बाह्यरुग्ण स्वरूपाची असते. जो उपचार माणसाला दाखल होण्यापासून वाचवू शकतो त्याला विमा पैसे देत नाही, आणि तो परवडला नाही म्हणून प्रकृती ढासळली की मग खाटेचे भाडे देतो. या समानतेला मी न्याय म्हणू शकत नाही.

विमा कंपन्यांची बाजू मला ठाऊक आहे: सत्रांना अंत नसतो, कोणीही स्वतःला समुपदेशक म्हणवतो, हप्ते वाढतील. पहिल्या आक्षेपाला जर्मनीच्या व्यवस्थेत उत्तर आहे. निदान, ठरावीक सत्रे, पुढच्या टप्प्यासाठी पुन्हा मंजुरी. बारा सत्रांना दीड हजाराच्या दराने अठरा हजार रुपये होतात. पाच लाखांच्या पॉलिसीत हा आकडा अवाढव्य नाही. दुसऱ्या आक्षेपासाठी भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी झालेले चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहेतच. सुरुवात त्यांच्यापासून करता येईल. हप्ता थोडा वाढेल, आणि तो वाढावा, असे मी स्पष्टपणे म्हणते. जर्मनीत निरोगी माणसे वर्षानुवर्षे हप्ता भरतात म्हणूनच आजारी माणसाला पैसे द्यावे लागत नाहीत.

पैशांची सोय झाली तरी माणसे कुठून आणायची, हा प्रश्न उरतोच, आणि त्यात जर्मनीचा कित्ता गिरवू नये. त्यासाठी गोव्याकडे पाहावे. तेथील ‘संगत’ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक समुपदेशकांकडून तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ सत्रांचा उपचार दिला. तो उपयोगी ठरल्याचे निष्कर्ष 2017 मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. अशा प्रशिक्षित समुपदेशकांना महाराष्ट्रातील सरकारी आरोग्य योजनांमधून मानधन मिळाले, तर गडचिरोलीतल्या किंवा बीडमधल्या रुग्णाला पुण्याच्या दरांशी आणि पुण्याच्या प्रवासाशी झगडावे लागणार नाही. तोवर ‘टेली मानस’ ही मानसिक आरोग्यासाठीची सरकारी दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर निःशुल्क मिळते आणि तेथे मराठीत बोलता येते.

विम्याच्या बाबतीत बदल लवकर घडू शकेल अशी जागा मला हिंजवडीसारख्या ठिकाणच्या कंपन्यांच्या सामूहिक पॉलिसींमध्ये दिसते. वैयक्तिक ग्राहकाला अटी बदलून मागता येत नाहीत; हजारो कर्मचाऱ्यांचा विमा उतरवणाऱ्या मालकाला त्या मागता येतात. अनेक कंपन्या कर्मचाऱ्यांना मोजकी मोफत समुपदेशन सत्रे देतात, पण नोकरी सुटली की तीही सुटतात. त्यामुळे पॉलिसीच्या नूतनीकरणाआधी मनुष्यबळ विभागाला लेखी विचारावे: बाह्यरुग्ण उपचारांत थेरपी धरली आहे का, वर्षाला किती सत्रांपर्यंत, कोणाची पावती चालते, आणि कोण थेरपी घेते ही माहिती वरिष्ठांपर्यंत जात नाही याची हमी कोण देते. असा प्रश्न एकट्याने विचारण्याचा संकोच वाटत असेल, तर विभागातल्या दहाजणांनी मिळून एकच ईमेल पाठवावा.