अंग बाहेर येणे आणि पिशवीचे ऑपरेशन : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

अंग बाहेर येण्याच्या, म्हणजे गर्भाशय किंवा शेजारचा अवयव योनीतून खाली उतरण्याच्या, त्रासावर ऑपरेशनशिवाय काय करता येते (आत बसवायची आधाराची रिंग, व्यायाम, ओझे टाळणे), या माझ्या लेखावर आपण सविस्तर आणि परखड प्रतिक्रिया लिहिलीत, त्याबद्दल आभार. आपण बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातल्या, आपल्या सासूबाई आणि जाऊबाई दर वर्षी ऊसतोडीला जातात, आणि दोघींनाही हा त्रास आहे. आपण लिहिले आहे : “वजन उचलू नका म्हणायला काय जाते? मोळी उचलली नाही तर मुकादमाची उचल कोण फेडणार? रिंग आणि व्यायाम हे लातुरात पंख्याखाली बसणाऱ्यांचे उपाय आहेत. आमच्या बायांनी एकदाची पिशवी (गर्भाशय) काढून टाकावी आणि मोकळे व्हावे.” असल्या गोष्टी चारचौघांत मांडू नयेत, असेही आपण सुचवले आहे.

ओझ्याबद्दलचे आपले म्हणणे अगदी रास्त आहे. त्यातून आपण काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही, आणि तो मान्य नसण्याचे कारणही ओझेच आहे.

गर्भाशय, मूत्राशय आणि गुदाशय हे तिन्ही अवयव ओटीपोटाच्या तळाशी असलेल्या स्नायूंवर टेकलेले असतात आणि बाजूच्या बंधांनी जागेवर धरलेले असतात. कोवळ्या वयातली आणि पाठोपाठची बाळंतपणे, बाळंतपणानंतर पुरेशी विश्रांती न घेता हाती घेतलेले काम, वर्षानुवर्षांचे ओझे, कुंथावे लागणारी बद्धकोष्ठता, न थांबणारा खोकला आणि पाळी गेल्यानंतर कमी होणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक यांमुळे हा आधार सैल पडतो, आणि मग जो अवयव सर्वांत जास्त मोकळा झाला असेल तो खाली उतरतो. म्हणजे दोष असतो तो आधारात. बाजेची सुतळी सैल होऊन झोळ पडला, तर वरची वाकळ फेकून देऊन बाज ताठ होत नाही. म्हणूनच गर्भाशय काढून टाकल्यानंतरही योनीचा वरचा भाग खाली उतरू शकतो, पुढून मूत्राशय किंवा मागून गुदाशय फुगून येऊ शकते, आणि ‘पिशवी काढली तरी अंग पुन्हा बाहेर आले’ अशी तक्रार घेऊन बायका दवाखान्यात येतात. पिशवी काढल्यानंतर योनीचा वरचा भाग असा उतरण्याला डॉक्टर व्हॉल्ट प्रोलॅप्स म्हणतात.

आता आपल्याच मुद्द्याकडे येते. हे ऑपरेशन कितीही चांगले झाले तरी त्यानंतर निदान सहा आठवडे जड काहीही उचलायचे नसते, आणि पुढेही कायमचे जपावे लागते. ज्या बाईला रिंग बसवल्यावर मोळी टाळता येत नाही, तिला ऑपरेशननंतर ती टाळता येईल का? दिवाळीच्या सुमारास गाड्या निघतात, त्याआधी घाईने ऑपरेशन, त्यासाठी पुन्हा मुकादमाकडूनच पैसे, आणि टाके ओले असतानाच उसाचा फड, या क्रमात बाई मोकळी होत नाही. तिच्या डोक्यावर कर्ज वाढते आणि सैल झालेल्या आधारावर ओझे तेवढेच राहते.

बीड जिल्ह्यात या ‘मोकळे होण्या’चे काय झाले हे आपल्याला माझ्याहून जवळून माहीत असेल. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसमोर जी आकडेवारी आली, तिच्यात पाहणी झालेल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले होते, आणि त्यांत चाळिशीच्या आतल्या अनेक जणी होत्या. या शस्त्रक्रिया अंग बाहेर आले म्हणून झाल्या, असे मी म्हणत नाही. अंगावरून पांढरे जाणे, पाळीचा जास्तीचा रक्तस्राव, पोटदुखी अशी कारणे तिथे पुढे येत होती. पण ‘एकदाची पिशवी काढा’ हा सल्ला किती सहज दिला जातो आणि खाडा पडू नये म्हणून तो किती मुकाट्याने घेतला जातो, ते त्यातून दिसते. गर्भाशयाबरोबर बीजकोशही (अंडाशय) काढले गेले, तर तरुण बाईची पाळी अकाली जाते, हाडे ठिसूळ होऊ लागतात, आणि ज्या आधाराबद्दल आपण बोलत आहोत तो इस्ट्रोजेनअभावी आणखी दुबळा होतो.

रिंग हा पंख्याखालचा उपाय आहे, हे मला मान्य नाही, कारण मी स्वतः रिंग वापरते. ती मऊ सिलिकॉनची, बांगडीसारखी गोल चकती असते. मापे वेगवेगळी असतात आणि योग्य माप तपासणीनंतरच ठरते. डॉक्टर ती चिमटीत दुमडून आत सरकवतात, आत गेल्यावर ती उघडते आणि उतरलेल्या भागाला खालून टेकू देते. बसवल्यावर लगेच घरी जायचे नसते. दवाखान्यातच थोडे चालायचे, उकिडवे बसायचे, खोकायचे, लघवीला जाऊन यायचे. रिंग निसटली, टोचली किंवा लघवी अडली, तर माप बदलून मागायचे. माप नीट असेल तर ती आत आहे याची जाणीवही होत नाही. ज्यांना स्वतः काढून साध्या साबणाने धुऊन परत बसवायला जमते त्यांनी तसे करावे. ज्यांना जमत नाही त्यांनी दर तीन महिन्यांनी, आणि काहीही झाले तरी सहा महिन्यांच्या आत, दवाखान्यात दाखवावे. कोपीत, म्हणजे ऊसतोडीच्या तळावरच्या झोपडीत, ना आडोसा ना पुरेसे पाणी, तिथे रोज काढघाल करण्याची सक्ती नाही, हा ऊसतोडीला जाणाऱ्या बाईसाठी मोठाच दिलासा आहे. मात्र रिंग बसवून विसरून जाणे धोक्याचे असते, कारण ती आत रुतून जखमा करते. घाण वासाचे पाणी किंवा रक्त जाऊ लागले, तर थांबू नये. रिंग प्रत्येकीला बसेलच असेही नाही. योनिमार्ग फार सैल झाला असेल तर ती टिकत नाही.

व्यायामाबद्दल थोडक्यात लिहिते. डॉ. अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये मांडलेला हा व्यायाम म्हणजे वारा सरू नये म्हणून आपण आत जसे आवळून धरतो तसे आवळणे, शक्य तितके सेकंद धरणे आणि पूर्ण सैल सोडणे. असे आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा, आणि निदान चार महिने नेटाने करावे लागते. याने पूर्ण बाहेर आलेले अंग आत जात नाही. पण सुरुवातीच्या अवस्थेत जडपणा आणि लघवीचा त्रास कमी होतो. कष्टकरी बाईसाठी यातला सर्वांत कामाचा भाग असा की मोळी उचलण्याच्या, खोकण्याच्या किंवा शिंकण्याच्या क्षणाआधी आवळून घ्यायचे आणि उचलताना श्वास कोंडून न धरता सोडायचा. याला पैसा लागत नाही, रजा लागत नाही.

ओझ्याच्या बाबतीत सगळा भार बाईनेच का सोसावा, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, म्हणून मी विचारते. मजुरी मिळते ती कोयत्याला, म्हणजे नवरा-बायको दोघांना मिळून, आणि तीही टनावर. मग ज्या कोयत्यातली बाई या त्रासात आहे, तिथे तिने ऊस तोडावा, पाचट काढावे आणि मोळ्या बांधाव्यात, आणि मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढण्याचे काम नवऱ्याने करावे, हे का होऊ नये? वेळ थोडा जास्त जाईल, पण टन तेवढेच भरतील. निदान मोळी लहान बांधावी आणि डोक्यावर द्यायला दुसरे माणूस असावे. आडोशाअभावी बाया दिवसभर पाणी पीत नाहीत, त्यातून बद्धकोष्ठता वाढते, आणि कोपीतल्या चुलीच्या धुराने खोकला हटत नाही. या दोन्हींचा ताण थेट खाली येतो, म्हणून पाणी आणि खोकल्याचा इलाज हेही या आजाराचेच उपचार आहेत.

ऑपरेशनला माझा विरोध नाही. अंग पूर्ण बाहेर राहत असेल, लघवी तुंबत असेल, रिंग टिकत नसेल किंवा बाईला स्वतःला ते विचारपूर्वक हवे असेल, तर ऑपरेशन करावे. पण सही करण्यापूर्वी विचारावे की पिशवी काढल्यावर वरच्या भागाला कशाचा आधार देणार, पुढची-मागची दुरुस्ती करणार का, बीजकोश ठेवणार का. आपल्या जाऊबाईंचे वय तिशीचे आहे, म्हणून हेही सांगते की गर्भाशय जागेवर ठेवून त्याला आधार देणाऱ्या शस्त्रक्रिया आपल्याच राज्यात घडल्या आहेत, मुंबईचे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर आणि डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी तरुण स्त्रियांसाठी बसवलेल्या पद्धती त्यांच्याच नावाने ओळखल्या जातात. जाऊबाईंसाठी हा पर्याय आहे का, हे जरूर विचारावे.

चारचौघांत न लिहिण्याबद्दल एवढेच म्हणेन की डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन खेड्यांत केलेला अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग असल्याचे आढळले होते, आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के होत्या. बाकीच्या बायांची तपासणी झालीच नव्हती, म्हणूनच मी लिहीत राहणार आहे.

प्रतिक्रियेच्या शेवटी आपण ओझरते लिहिले आहे की सासूबाईंच्या बाहेर आलेल्या भागावर जखम झाली आहे आणि लुगड्याला डाग पडतात. पाळी जाऊन वर्षे झालेल्या बाईला डाग पडणे ही थांबण्याची गोष्ट नाही. ती जखम बहुधा घासून झालेली असेल, आणि तसे असेल तर अंग आत सारून औषधाची पट्टी ठेवल्यावर ती भरून येते. पण कर्करोग नाही ना, याची खात्री आधी करावी लागते, आणि जखम भरेपर्यंत रिंगही बसवत नाहीत. आपल्याला अंबाजोगाई जवळ आहे. तिथल्या स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्त्रीरोग विभागात त्यांना याच आठवड्यात घेऊन जावे, पाळी कधी गेली आणि डाग कधीपासून पडतात हे कागदावर लिहून न्यावे, आणि जाऊबाईंनाही त्याच दिवशी दाखवावे.