शनिवारचा पाऊण तास

शनिवारी रात्री दहा ते पावणेअकरा हा वेळ माझा. घरात तसा अलिखित करारच आहे. लेक तिच्या खोलीत, बायको बहिणीशी फोनवर आणि मी टीव्हीसमोर, हातात रिमोट घेऊन. रिमोट म्हणजे गेमचा. त्याला कंट्रोलर म्हणतात हे मला माहीत आहे. पण नव्वदच्या दशकात साताऱ्यात ज्याने तो पहिल्यांदा हातात धरला, त्याच्यासाठी तो रिमोटच, आणि कार्ट्रिज म्हणजे कॅसेट. लेक मला दर वेळी दुरुस्त करते. मी दुरुस्त होत नाही.

गेल्या शनिवारी बरोबर दहाला कन्सोल सुरू केला. कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही. आधीच तो रुसलेला असतो. रिमोटची बॅटरी संपली होती म्हणून वायर लावली. वायर दीड मीटर आणि सोफा तीन मीटरवर, त्यामुळे मी खाली फरशीवर, सत्यनारायणाला बसल्यासारखा. मग कन्सोलला अपडेट हवं होतं. ते झालं, तो एकदा विझला, पुन्हा पेटला आणि म्हणाला, आता रिमोटलाही अपडेट हवं. रिमोटला! आमच्या वेळी रिमोटचं अपडेट म्हणजे मागचे स्क्रू काढून आतल्या पट्टीवर खोडरबर घासायचं. तेही झालं. मग गेमची पाळी आली. ३८ जीबी. बाकी २६ मिनिटं. थोड्या वेळाने बघतो तर बाकी ४१ मिनिटं. या आकड्यांचा भरवसा पाहुण्यांच्या 'निघालोच, पाच मिनिटांत पोचतो'इतकाच.

बसल्या बसल्या मी हिशेब केला. १९८५ साली आलेला 'सुपर मारिओ ब्रदर्स' हा गेम सगळा मिळून ४० केबीचा. एक जीबी म्हणजे दहा लाख केबी. ३८ जीबीत असे साडेनऊ लाख मारिओ मावतील. आणि हे ३८ जीबी म्हणजे गेम नव्हे हं, गेमची दुरुस्ती. मूळ गेम त्याच्या तिप्पट जागा अडवून आधीच बसलाय.

त्या ४० केबीत त्या लोकांनी कसा संसार केला असेल! आकाशातले ढग आणि जमिनीवरची झुडपं यांचं चित्र एकच. वर पांढरं, खाली हिरवं. मोठ्या भावाचा शर्ट रंगवून धाकट्याला घातला, तसं. मारिओला मिशा का? तर इतक्या कमी ठिपक्यांत तोंड नीट काढता येईना. टोपी का? केस काढता येईनात म्हणून. जगातली सगळ्यात ओळखीची मिशी ही अशी काटकसरीतून उगवली आहे.

आणि शिकवणं बघा. पहिली स्टेज सुरू होते, मारिओ डावीकडे उभा, उजवीकडे सगळी मोकळी जागा. कुठे जायचं ते कुणी सांगत नाही, सांगावं लागतही नाही. समोरून एक चिडका तपकिरी प्राणी चालत येतो. त्याला धडकलात की मेलात, उडी मारलीत की वाचलात. पुढे विटेला डोकं लागतं, मशरूम बाहेर पडतं आणि उजवीकडे घरंगळत जातं. ते निसटेल असं वाटत असतानाच पाइपला आपटतं आणि उलट फिरून थेट तुमच्या अंगावर येतं. तुम्ही घाबरून पळायला बघता, ते लागतंच, आणि मारिओ मोठा होतो! माझ्या आत्याने आयुष्यात एकदाच रिमोट हातात धरला, तीसुद्धा दीड मिनिटात मोठी झाली. १९७२ च्या 'पाँग' या टेबल टेनिससारख्या गेमच्या मशिनवर तर खेळायचं कसं ते एका ओळीत होतं: जास्त गुण हवे असतील तर चेंडू चुकवू नका.

आजचा गेम मला आधी चालायला शिकवतो. मग बघायला. 'वर बघण्यासाठी उजवी काडी वर करा.' रिमोटवरची ती अंगठ्याखालची दांडी वर केली. 'शाब्बास!' पंचेचाळिशीच्या माणसाला वर बघितल्याबद्दल शाब्बास. एवढं बोट धरून झालं की ऐन मारामारीत, समोर दोन मजली राक्षस उभा असताना, अचानक अक्षरं येतात: 'आर-थ्री दाबा.' रिमोटवर सोळा-सतरा बटणं आहेत. आर-वन आहे, आर-टू आहे, आर-थ्री असं कुठेही लिहिलेलं नाही. मी रिमोट उलटा करून शोधला. तोवर राक्षसाने मला तीनदा मारलं. ज्या काडीने आपण बघतो ती काडीच खाली दाबायची, तिला आर-थ्री म्हणतात, हे लेकीने खोलीतून ओरडून सांगितलं. म्हणजे दाराची कडी हीच डोअरबेल.

'जुनं ते सोनं' म्हणणारा मी नाही. जुन्यांचे छळही मोठे होते. आमच्याकडे '९९९९९९ इन १' अशी कॅसेट होती. मी चौथीत होतो, भागाकार नुकता पक्का झाला होता. रोज एक गेम खेळला तरी २,७०० वर्षं पुरेल असं उत्तर काढून मी रात्रभर झोपलो नव्हतो. सकाळी उघडून पाहिलं तर आत सहा गेम. तेच सहा, कधी दुसऱ्या स्टेजपासून, कधी तिसऱ्या. 'डक हंट' म्हणजे टीव्हीवरची बदकं खेळण्यातल्या बंदुकीने टिपायचा गेम. त्यात बदक निसटलं की एक कुत्रा गवतातून तोंड काढून हसायचा. दादाने एकदा बंदूक सरळ ट्यूबलाइटवर रोखली. बंदुकीला उजेडच कळतो ना, मग झाडा गोळी. काही उपयोग झाला नाही. पुष्कळ वर्षांनी कळलं की चाप ओढला की पडदा आधी क्षणभर काळा होतो आणि मग फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. काळोखातही बंदुकीला उजेड दिसला, म्हणजे हा लबाड ट्यूबलाइटवाला! कुत्रा उगाच हसत नव्हता.

'कॉन्ट्रा'त तीनच जीव मिळायचे आणि गोळ्या मात्र पावसासारख्या. वर-वर, खाली-खाली, डावं-उजवं, डावं-उजवं, बी, ए असं दाबलं की तीस जीव. ही युक्ती काझुहिसा हाशिमोतो नावाच्या गृहस्थांची. १९८६ मध्ये घरच्या कन्सोलसाठी त्याच कंपनीचा 'ग्रेडियस' हा गेम तयार करताना तपासायला बसले, तर तो त्यांना स्वतःलाच जमेना. मग गुपचूप हा चोरदरवाजा ठेवला. असा प्रामाणिक माणूस मला गेमच्या धंद्यात पुन्हा दिसला नाही.

आणि सेव्ह? मारिओच्या बत्तीस स्टेजेस, एकीचाही सेव्ह नाही. दिवाळीच्या सुट्टीत मी आठव्या जगात पोचलो आणि लाइट गेली. आईने मेणबत्ती लावली, ती माझ्या चेहऱ्याजवळ धरली आणि विचारलं, "कोण गेलं रे?" पुढे प्लेस्टेशन-२ आल्यावर खेळ साठवणारं त्याचं आठ एमबीचं मेमरी कार्ड मी पाकिटात, देवाच्या फोटोमागे ठेवायचो. पण खरी जखम वेगळीच आहे. मारिओत सगळे जीव संपल्यावर 'ए' दाबून धरून स्टार्ट केलं की त्याच जगापासून पुन्हा खेळता येतं. हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. चौथी ते सातवीतल्या सगळ्या सुट्ट्या मला कुणीतरी परत द्या.

दहा एकेचाळीस. ३८ जीबी उतरले. गेमने नियम आणि अटी दाखवल्या. मी न वाचता शेवटपर्यंत घसरत गेलो आणि मान्य केल्या. मग एक काळी चौकट दाखवून तो म्हणाला, डावीकडचं चिन्ह जेमतेम दिसेल इतका उजेड करा. माझा चष्मा आत राहिला होता. मला ते जेमतेमच दिसतं, म्हणून पुढे गेलो.

आणि माझा गणपतीत थांबवलेला खेळ उघडला. भर पावसात एका पुलावर मी उभा. अंगावर अस्वलाचं कातडं. थैलीत सत्तेचाळीस प्रकारचा पाला, दोन पत्रं आणि कुणाचा तरी दात. समोर एक बाई, डोळ्यांत पाणी. म्हणाली, "मग ठरलं ते पाळणार ना?" काय ठरलं होतं? ही कोण? दात हिचा आहे का? खाली दोनच पर्याय, हो आणि नाही. मी घाबरून हो म्हटलं. कशाला ते मला अजून कळलेलं नाही. बाई रडत रडत निघून गेली. कोपऱ्यात एक गोल चक्र फिरू लागलं आणि खाली अक्षरं उमटली: हे चिन्ह दिसत असताना वीज बंद करू नका.

लाइट गेली.

अंधारात पंखा थांबतानाचा आवाज येत राहिला. आतून बायकोने विचारलं, "संपलं का रे? जिंकलास?"

"नियम आणि अटी मान्य केल्या," मी म्हटलं.